मावशींचा डावा कान

ठाणे जिल्ह्यात असं एकही मूल नसेल, ज्याच्या तोंडात माझ्या बायकोच्या मावशींनी टॉर्च मारून पाहिलेली नाही. एखादं चुकून राहिलं असेल तर त्याच्या आईबापांनी फार दिवस निर्धास्त राहू नये, मावशी अजून हिंडत्याफिरत्या आहेत. कल्याणच्या एका आरोग्य केंद्रात तीस-बत्तीस वर्षं परिचारिका म्हणून काढून त्या निवृत्त झाल्या, पण निवृत्तीचा तो कागद त्यांनी वाचला असावा असं त्यांच्या वागण्यावरून वाटत नाही. कुणाच्याही घरी गेल्या की चपला काढता काढता त्यांचा पहिला प्रश्न, "घरात लहान कोण आहे?" लहान कोणी नसेल तर त्यांचा चेहरा उतरतो आणि मग त्या मोठ्यांवर भागवून घेतात. लग्न ठरवायला मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा पगार, गाव, पत्रिका हे सगळं बाजूला राहिलं. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, आ करा." मी आ केला. नवीन जावई काय करणार! घसा पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "लहानपणी गोवर आलेला का?" मला काही आठवेना, म्हणून मी तिथूनच आईला फोन लावला. भरल्या बैठकीतून मुलाचा फोन आलेला पाहून आईला वाटलं, लग्न मोडलं. गोवराचं ऐकल्यावर ती एवढी खूश झाली की म्हणाली, "आलेला रे, दुसरीत असताना! अंगभर आलेला!" मावशींनी मान डोलावली आणि माझं लग्न ठरलं.

ही टॉर्च म्हणजे दोन सेलची, जुनी, झाकण निसटू नये म्हणून रबरबँड लावलेली. ती त्यांच्या पर्समध्ये पोथीसारखी रुमालात गुंडाळलेली असते. भाच्या-पुतण्यांनी किती वेळा सांगितलं, मावशी, आता मोबाईलमध्येच टॉर्च येते. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "त्या उजेडात धडधाकट माणूससुद्धा मेल्यासारखा दिसतो." टॉर्चइतकीच दुसरी वस्तू म्हणजे खणाच्या पिशव्या. बारशाला लोक वाळे नेतात, दुपटी नेतात. मावशी स्वतः शिवलेली एक खणाची पिशवी नेतात, आत लसीकरणाचं कार्ड बरोबर मावेल एवढी, तोंडाला नाडी लावलेली. "वाळे चार महिन्यांत आखूड होतात. कार्ड शाळेत घालतानासुद्धा लागतं," असं म्हणत त्या ती पिशवी बाळाच्या आईच्या हातात देतात, आणि पुढच्या भेटीला ती कुठे ठेवलीय ते बघायला मागतात. एकदा एका भाचीकडे ते कार्ड रद्दीत निघालं. मावशींनी त्या घरचा चहा घेतला नाही, आणि मावशींनी चहा न घेणं म्हणजे काय ते त्यांच्या नात्यातल्यांनाच कळेल.

त्यांचा डावा कान पूर्ण बंद आहे. त्यामुळे त्यांच्यासोबत कुठेही बसायचं म्हणजे आधी दिशा लावून घ्यावी लागते. लग्नाच्या पंगतीत त्या डाव्या टोकाला बसतात, रिक्षात डावीकडची जागा धरतात, आणि कोणी चुकून डावीकडून बोलायला लागला की त्याचं सगळं बोलणं संपेपर्यंत प्रसन्न चेहऱ्याने समोर बघत राहतात. कान कशाने गेला असं विचारलं तर दर वेळी उत्तर वेगळं. कधी म्हणतात, "आमचे हे डावीकडे झोपायचे, त्यांच्या घोरण्याने गेला." कधी म्हणतात, "सासूबाई डावीकडून बोलायच्या, मीच बंद करून घेतला." आम्ही हसायचो आणि विषय तिथेच राहायचा.

कल्याण स्टेशनवरून शेअर रिक्षाने त्यांच्या घरी जायला दहा मिनिटं लागतात. त्यांच्यासोबत गेलं की पंचवीस लागतात. मी एकदा होतो. रिक्षा सुरू होते न होते तोच त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, "मुलं किती रे तुला?" तो म्हणाला, "एक पोरगी, दीड वर्षाची." "गोवर-रुबेलाचा पहिला झाला असेल नऊ महिन्यांना. सोळा महिन्यांनंतरचा दुसरा झाला का?" तो म्हणाला, बायकोला माहीत असेल. "मग विचार तिला." त्याने खरोखर रिक्षा कडेला घेतली आणि फोन लावला. मागून गाड्यांचे हॉर्न. आमच्यासोबत बसलेली एक बाई आधी घड्याळ बघून चिडली होती, पण पाच मिनिटांत तीही आपल्या नातवाचा हिशेब बोटांवर लावायला लागली. दुसरा डोस राहिला होता. आम्ही उतरताना रिक्षावाल्याने मावशींकडून पैसे घेतले नाहीत, माझ्याकडून मात्र घेतले.

एका गोष्टीवर मात्र त्या खवळतात, आणि ती म्हणजे उष्णता. पोराला ताप आला, डोळे लाल झाले, अंगावर उठलं, की आपल्याकडे पहिलं निदान शेजारीण करते, उष्णता झाली असणार, सब्जा द्या. हे मावशींच्या उजव्या कानावर पडलं की संपलं. "ताप, खोकला, वाहणारं नाक आणि लाल पाणावलेले डोळे. चौघं एकत्र आले की गोवर दारात उभा आहे असं समजायचं," हे त्या एका दमात म्हणतात, आरतीसारखं. "पुरळ मागून येतं, तीन-चार दिवसांनी. लोक पुरळाची वाट बघत बसतात, आणि तोवर हा पठ्ठ्या अर्ध्या चाळीला वाटून झालेला असतो." आमच्या घरात हे एवढ्या वेळा ऐकलेलं होतं की आम्ही त्यांच्या मागे त्यांची नक्कल करायचो. मी जरा जास्तच चांगली करायचो. आज त्याची लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वीची संक्रांत. आमची मुक्ता आठ महिन्यांची होती, तिचं पहिलं बोरन्हाण करायचं ठरलं. आमचं घर ठाण्यात कोलशेतला, सातव्या मजल्यावर. सोसायटीतली सगळी पोरं बोलावलेली. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून बाळाला मध्ये बसवतात, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या-चॉकलेटं ओततात, आणि भोवतीची पोरं एकमेकांच्या अंगावर पडून ते वेचतात. डोक्याला डोकं, नाकाला नाक. मावशी आदल्या दिवशीच कल्याणहून आल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी दारात स्टूल टाकलं, एका हातात टॉर्च, मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा. "आ कर" म्हणायचं, तोंड बघायचं, लाडू ठेवायचा आणि आत सोडायचं. पोरांना हे इतकं आवडलं की काही जण मागच्या बाल्कनीतून चक्कर मारता येते का ते बघून आले, आणि बाकीचे सरळ पुन्हा रांगेत उभे राहिले. मी बायकोला म्हटलं, तुझी मावशी बोरन्हाणाला चेकनाका लावून बसलीय.

तेवढ्यात लिफ्टमधून माझी ताई आली. ती डोंबिवलीला राहते. एका हातात स्टीलचा डबा, त्यात पंधरा दिवस मंद आचेवर हलवून तिने स्वतः केलेले हलव्याचे दागिने. खांद्यावर साडेतीन वर्षांचा ओम, मान टाकून झोपल्यासारखा. मी मुक्ताला कडेवर घेऊन धावत दारात गेलो, आणि तिचा हात धरून पुढे केला. "ओमदादाला हॅलो कर!" ओमने डोळे उघडले, लालभडक, आणि तो मुक्ताच्या तोंडावर खोकला.

"मागे व्हा!" मावशी असं काही ओरडल्या की आतली पोरं चिडीचूप झाली. त्यांनी मला ढकललंच. मग ओमजवळ जाऊन एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "राजा, आ कर."

ताई हसत म्हणाली, "अहो मावशी, प्रवासाने दमलाय तो. तीन दिवस सर्दी-ताप आहे. सासूबाई म्हणाल्या, मुक्ताचं पहिलं बोरन्हाण, आत्याने जायलाच पाहिजे. निघताना तापाचं औषध पाजलंय, उतरलाय आता."

मावशींनी उजवा कान पुढे करून सगळं ऐकलं. टॉर्चचा उजेड डोळ्यांवर गेला तसं ओमने तोंड लपवलं. मग कसाबसा आ केला. मुक्ताला बायकोकडे द्यायला लावून मावशींनी मला जवळ बोलावून दाखवलं. गालाच्या आत, लाल झालेल्या कातडीवर, रव्याचे कण शिंपडावेत तसे पांढरे बारीक ठिपके होते.

"ह्याला गोवर येतोय," मावशी म्हणाल्या. "पुरळ परवा उठेल. कानामागून, केसांच्या कडेने सुरू होईल, मग तोंड, छाती, मग पाय. ह्याला आत आणू नका. आजच डॉक्टरला दाखवा. दुसरा डोस झालेला का ह्याचा?"

"तेव्हा सर्दी होती म्हणून पुढे ढकलला," ताई म्हणाली, "मग... राहिला."

"अगं, साध्या सर्दीत चालतं! पहिल्या डोसाने बऱ्याच पोरांचं भागतं, सगळ्यांचं नाही. म्हणून तर दुसरा!"

ताईचा चेहरा पडला, मग लाल झाला. तिच्यामागे शेजारणी उभ्या होत्या, हातात वाण घेऊन. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "मी एवढ्या लांबून आलेय, आजारी पोराला घेऊन. आणि मला भावाच्या दारातून परत पाठवताय?" मी नेहमीप्रमाणे दोन्हीकडे बघून हसलो. माझ्या हसण्याने आजवर एकही भांडण मिटलेलं नाही, पण मी हसतो. ताईने दागिन्यांचा डबा चपलांच्या रॅकवर ठेवला आणि ती निघून गेली.

पुढचा तासभर आमच्या मजल्यावर काय चाललं होतं ते मलाच नीट सांगता येत नाही. मावशींनी सगळ्या खिडक्या उघडल्या. पोरांना बोरं-चुरमुरे कागदी पिशव्यांत भरून एकेकाला जिन्याने घरी पाठवलं. लिफ्टसमोर स्वतः उभ्या राहिल्या, कारण खोकणारं पोर त्या बंद डब्यातून गेलंय आणि गोवराचं वारं दोन-दोन तास तिथल्या तिथे राहतं. सोसायटीचे अध्यक्ष वर यायला निघाले होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. मावशींनी त्यांना जिन्यातूनच विचारलं, "गोवर झालेला का तुम्हाला?" अध्यक्षांना ते ठाऊक नव्हतं. "मग खालीच थांबा." ते थांबले, आणि त्यांच्या सहीने दुसऱ्या दिवशी सगळ्या सोसायटीला आपापल्या मुलांची कार्डं शोधायचा मेसेज गेला.

बायको मुक्ताला छातीशी धरून बसली होती. तिच्या तोंडून जेमतेम निघालं, "मावशी, हिला तर अजून लसच नाही." तेव्हा माझी नक्कल, हसू, चेकनाका सगळं आत कुठेतरी खाली बसलं. मुक्ताला नऊ महिने पूर्ण व्हायला तीन आठवडे होते. मावशींनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि त्यावर पेनाने लिहिलं, रविवार पाच ते बुधवार पाच. "बहात्तर तास," त्या म्हणाल्या. "ह्या वयाच्या मुलाला तेवढ्यात डोस मिळाला तर बऱ्याचदा टळतं. पण ते डॉक्टर ठरवणार. आणि ओमचं काय ते पक्कं कळल्याशिवाय डॉक्टर कशावरून ठरवणार?"

सोमवारी आम्ही मुक्ताला घेऊन आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांनी तेच सांगितलं, त्या मुलाला आधी कुणीतरी तपासू दे, मग लगेच या. ताई फोन उचलत नव्हती. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत बसून मी दिवसभर तिला फोन लावत होतो. "माफ कर" असा मेसेज तीनदा लिहिला, तीनदा पुसला, चौथ्यांदा पाठवला. उत्तर नाही. ताई आणि मी एका ताटात जेवलेली माणसं आहोत, आणि त्या दिवशी मला तिच्यापेक्षा तिच्या फोनची जास्त वाट बघावी लागत होती, ह्याचंही वाईट वाटत होतं.

मंगळवारी सकाळी चहा उकळत असताना फोन वाजला. ताई रडत होती. "अरे, कानामागे... त्यांनी सांगितलं तसंच... कपाळावर पण यायला लागलंय. मावशींना दे ना फोन." मावशींनी फोन उजव्या कानाला लावला. रविवारचा एक शब्द काढला नाही. "रडायचं नाही. तोंड झाकून, कडेवर घेऊन, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे. आधी फोन करून जा, म्हणजे ते इतर पोरांमध्ये बसवणार नाहीत. जीवनसत्त्व अ देतील, आज एक आणि उद्या एक, ते चुकवायचं नाही, डोळ्यांसाठी असतं. श्वास जोरात चालला, पाणी पिईना, झोपेतून उठेना, तर घरी थांबायचं नाही, सरळ इस्पितळ. आणि मी येतेय." अकरा वाजता डोंबिवलीच्या डॉक्टरांनी गोवरच दिसतोय म्हणून सांगितलं, रक्त तपासायला घेतलं, महापालिकेला कळवलं. दीड वाजता आमच्या मुक्ताच्या दंडात सुई गेली. ती एकदाच रडली. मी जास्त वेळ रडलो. मावशींनी कार्डावर नोंद झाल्याची खात्री केली, "हा जादाचा. नऊ महिन्यांचा आणि सोळा महिन्यांनंतरचा, दोन्ही आपापल्या वेळेला वेगळे," असं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि त्या तिथून परस्पर डोंबिवलीला गेल्या. "तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं. म्हणाल्या, "मला झालाय. एकदा झाला की सहसा परत येत नाही. तेवढा एकच उपकार आहे त्याचा."

डोंबिवलीला ताईच्या सासूबाईंनी दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला होता आणि घरात फोडणी बंद केली होती. गोवर म्हणजे देवी, बाई आल्यात म्हणून. ताईला वाटलं, आता मावशी डहाळा उपटून फेकणार. मावशी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "राहू दे. छान आहे. कागदाची पाटी लावली असती तर कुणी वाचली नसती. लिंब बघून पोरंबाळं घेऊन कुणी आत येणार नाही." मग सासूबाईंना म्हणाल्या, "तुम्ही देवीला दहीभात दाखवा. पोराला डॉक्टरचं औषध मी देते. दोघींनी आपापलं काम करायचं." ज्या मावशींना लसणाच्या फोडणीशिवाय वरण खाली उतरत नाही, त्यांनी आठ दिवस तिथे बिनफोडणीचं जेवण जेवलं. रोज सकाळी मला व्हिडिओ कॉल यायचा. "मुक्ताला आ करायला लावा. मोबाईलची टॉर्च लावा." मोबाईलची टॉर्च! मी मुकाट्याने लावली. तीन आठवडे आमचा दिवस त्या इवल्याशा तोंडाने सुरू व्हायचा, आणि तिथे काही नाही हे दिसलं की मगच आम्ही चहा प्यायचो.

ओमचा ताप पाचव्या दिवशी उतरायला लागला, पण त्याचा कान दुखू लागला. डॉक्टरांनी औषध दिलं. मी त्या रविवारी भेटायला गेलो होतो. पुरळ तपकिरी पडलं होतं, पोरगं पलंगावर बसून गाड्या फिरवत होतं. मावशी त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, वाकल्या, आणि त्याच्या डाव्या कानाशी अगदी हळू म्हणाल्या, "गूळपोळी खाणार?" ओम म्हणाला, "हो." मग उजव्या कानाशी, "तूप किती?" "खूप!" त्यांनी पुन्हा डाव्या बाजूला विचारलं, पुन्हा उजव्या. ओम वैतागून म्हणाला, "सांगितलं ना, खूप!" मावशी तिथेच खुर्चीवर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

"सहा वर्षांची होते मी," त्या म्हणाल्या. आमच्यापैकी कुणालाच नाही, सासूबाईंना सांगत होत्या. "मुरबाडच्या पुढे आमचं गाव. दाराला असाच लिंब. माझ्या कानातून पू यायला लागला, पण बाई जातील तेव्हा जातील म्हणून कुणी हलवलं नाही. बाई गेल्या. कान घेऊन गेल्या." मग लगेच म्हणाल्या, "आईचा दोष नव्हता हो. तिला सांगणारं कुणी नव्हतं." सासूबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि थोड्या वेळाने घरभर लसणाच्या फोडणीचा वास सुटला.

मुक्ताला काही झालं नाही. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं आणि त्या वर्षी ती उशिरा होती, त्यामुळे ते पुन्हा करता आलं. ताईने आपल्या हाताने तिला हलव्याचे दागिने घातले. तीन आठवड्यांत ते जरा सादळले होते, मुक्ताने त्यातला एक हार चाटून संपवला. पोरांनी दारात आपणहून रांग लावली आणि "आ" केलं.

आता मुक्ता पावणेतीन वर्षांची आहे, तिची गोवराची तिन्ही टोचणी त्या खणाच्या पिशवीतल्या कार्डावर नोंदलेली आहेत. मावशी थकल्यात. जिना चढताना मधल्या मजल्यावर बसतात, टॉर्च मात्र सोबत असते. त्या आल्या की मुक्ता त्यांच्या मांडीवर चढते आणि गुपितं सांगते. ती नेहमी डावीकडेच बसते, का कोण जाणे. दोन्ही हातांनी त्यांचा डावा कान धरते, तोंड अगदी आत घालते आणि कितीतरी वेळ कुजबुजत राहते. मावशी मध्येच डोळे मोठे करतात, मध्येच "अगं बाई, खरंच?" म्हणतात. परवा मी म्हटलं, मुक्ता, मावशीआजीला त्या कानाने ऐकू येत नाही, इकडे ये, या बाजूने सांग. मावशींनी मला हातानेच गप्प केलं आणि तिला आणखी जवळ ओढलं. "बोलू द्या तिला," त्या म्हणाल्या. "मला सगळं ऐकू येतंय."